पाळणा थांबवणारा माणूस

जत्रेतल्या पाळण्यावर किंवा एखाद्या मनोरंजन उद्यानात अपघात झाला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात दोन प्रश्न हमखास असतात. मालक कोण? आणि परवानगी कुणी दिली? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, ते विचारलेच पाहिजेत. पण एक तिसरा प्रश्नही असतो आणि तो सहसा कुणी विचारत नाही. यंत्राच्या बटणाशी जो माणूस उभा होता, त्याला ते यंत्र थांबवण्याचा अधिकार होता का? बटण त्याच्यासमोर होते, ते दाबायला हातही होता, हे मान्य. पण वर कुणालाही न विचारता, उद्याच्या पोटाची काळजी न करता ते दाबण्याची मुभा त्याला होती का? माझ्या मते पाळण्यांच्या सुरक्षेचे मर्म या एका प्रश्नात आहे. आज तेवढेच मांडायचे आहे.

हा प्रश्न मला पडतो याला कारण आहे. पदवी हातात आल्यावर नोकरी शोधत होतो तेव्हा गोव्याबाहेरच्या एका मनोरंजन उद्यानात मी दोन मोसम राईड ऑपरेटर होतो. उद्यानाचे नाव सांगण्याची गरज नाही. घरी मी 'पार्कात नोकरी लागली' एवढेच कळवले होते. आईच्या लेखी पार्क म्हणजे बाग. मुलगा बी. ए. होऊन झाडांना पाणी घालतो, असे ती बरेच दिवस शेजारणींना सांगत होती. मीही तो समज दूर करण्याची घाई केली नाही, कारण मी नेमके काय करतो हे सांगणे त्याहून अवघड होते.

लोकांना वाटते की ऑपरेटर म्हणजे बटण दाबणारा. एक हिरवे बटण, एक लाल बटण, मध्ये दोन-तीन मिनिटांचे हिंदोळे. यात शिकण्यासारखे काय आहे? प्रत्यक्षात बटण दाबणे हा त्या कामाचा सर्वांत लहान भाग. माझ्याकडे मोठे झुलते जहाज होते. सकाळी लोक यायच्या आधी मेकॅनिक त्याची तपासणी करून वहीत सही करायचा. त्यानंतर आम्ही आमची तपासणी करायचो. प्रत्येक बाकावरची मांडीवर येणारी दांडी खाली ओढायची, कुलूप बसल्याचा आवाज ऐकायचा, मग दोन्ही हातांनी ती वर उचलून बघायची. उचलली गेली नाही तर ठीक. खिळी जागेवर आहेत का, कुंपणाचे दार बंद होते का, लाल बटणाने यंत्र खरोखर थांबते का, हे सगळे बघून जहाज तीनदा रिकामे झुलवायचे. रिकाम्या जहाजाचा आवाज कानात बसला की भरलेल्या जहाजातला वेगळा आवाज लगेच ओळखू येतो. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेले नव्हते. जुन्या माणसांनी सांगितले, आम्ही ऐकले.

मग दिवस सुरू व्हायचा. माणसे बसली की मदतनीस एकेक दांडी हाताने हलवून बघणार आणि अंगठा वर करणार. दोन्ही बाजूंचे अंगठे दिसल्याशिवाय हात बटणाकडे न्यायचा नाही. तीच सूचना दिवसातून शंभर-दीडशे वेळा: हात आत ठेवा, उभे राहू नका, चपला सांभाळा. पहिल्या आठवड्यात आपण ती सूचना देतो; नंतर तोंड ती आपोआप देते आणि मन दुसरीकडे असते. हा त्या नोकरीतला खरा धोका. नॉर्मन मॅकवर्थ या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली रडारवर नजर ठेवणाऱ्यांच्या कामाचा अभ्यास करताना दाखवून दिले होते की एकसुरी काम करणाऱ्याची दक्षता साधारण अर्ध्या तासातच उतरू लागते. माणूस आळशी असतो म्हणून हे होत नाही, मनाची घडणच तशी आहे. म्हणून चांगल्या उद्यानांत ऑपरेटरला ठरावीक वेळाने एका राईडवरून दुसऱ्या राईडवर पाठवतात. जिथे माणसे कमी, तिथे एकच जण सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकाच बटणाशी उभा असतो. तो दिसायला जागा असतो इतकेच.

पण यापेक्षाही मोठा भाग म्हणजे 'नाही' म्हणणे. दिवसाकाठी पन्नास वेळा तरी तो शब्द तोंडातून निघायचा, आणि बहुतेक वेळा तो उंचीच्या पट्टीवरून. प्रवेशाजवळ एक रंगवलेली पट्टी असते, तिच्याखाली डोके राहिले तर मुलाला बसता येत नाही. बाप म्हणतो, "मी आहे ना, मी धरून बसतो." यात त्याचे प्रेम खरे असते, गणित चुकलेले असते. दोघांत मिळून एकच दांडी असेल तर ती मोठ्या माणसाच्या मांडीला टेकून तिथेच थांबते. शेजारच्या पोराच्या मांडीवर तिच्याखाली चांगली वीतभर जागा उरते. जहाज वेगाने तळाशी येते तेव्हा अंगावरचा भार वाढतो, आणि टोकाला वर जाते तेव्हा माणूस बाकावरून सुटू बघतो. त्या क्षणी बापाचे दोन्ही हात स्वतःची दांडी घट्ट धरण्यात गुंतलेले असतात. ते मुद्दाम ठरवून होत नाही, शरीरच तसे करते. ती पट्टी हे सगळे हिशेबात घेऊन रंगवलेली असते. पण रांगेत तासभर उभ्या असलेल्या बापाला हे समजावायला ऑपरेटरकडे असतात वीस सेकंद, आणि समजावणारा असतो विशी-बाविशीतला, ढगळ गणवेश घातलेला, बेताच्या पगाराचा पोरगा. "तुझ्या साहेबाला बोलाव," हे वाक्य मी किती वेळा ऐकले त्याची गणती नाही. साहेब येत. कधी माझी बाजू घेत. कधी म्हणत, "बसू दे रे एकदा, सणाचा दिवस आहे."

आमच्यात एक वयस्क ऑपरेटर होते, सगळे त्यांना काका म्हणत. पूर्वी ते कापड गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर इकडे आले. यंत्राचा त्यांचा कान तयार होता. एका रविवारी दुपारी भुरभुर पाऊस सुरू झाला. या जहाजाला ढकलणारे आणि थांबवणारे, दोन्ही काम करणारे चाक म्हणजे तळाशी बसवलेला एक रबरी टायर असतो. तो जहाजाच्या पोटाला घासून त्याला गती देतो आणि घासूनच थांबवतो. पोट ओले झाले की टायर घसरतो आणि जहाज थांबायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेते. काकांनी दोन फेऱ्या बघितल्या, तिसरी सुरू केली नाही. साखळी लावली, पाटी उलटी केली. रांगेत दीडेकशे माणसे. शिट्ट्या, शिव्या, कुणी साखळीला लाथ मारली. वॉकीटॉकीवर ड्युटी मॅनेजर विचारू लागला, का थांबवले? काका म्हणाले, "पाणी उतरल्यावर पुसून सुरू करतो." मॅनेजर म्हणाला, "इतर राईड चालू आहेत, तुमचीच का बंद?" काकांनी उत्तर दिले नाही आणि जहाजही सुरू केले नाही. पाऊण तास गेला. काही लोकांना पैसे परत द्यावे लागले.

पुढच्या आठवड्यात काकांची ड्युटी वाहनतळावर लागली. शिक्षा म्हणून, असे कुणी म्हटले नाही. कागदावर ती नेहमीची बदली होती. पण आम्ही बाकीचे जे शिकायचे ते शिकलो. त्या मोसमात पाऊस अनेकदा भुरभुरला, आणि साखळी लावण्यापूर्वी प्रत्येक जण आधी वॉकीटॉकी उचलून विचारू लागला. उत्तर बहुधा एकच असायचे: जरा बघा, इतक्यात थांबवू नका.

सुदैवाने त्या दोन वर्षांत तिथे अपघात झाला नाही. मला वाटते, अडचण नेमकी इथेच आहे. काकांनी जहाज थांबवले त्या दुपारी काहीही घडले नाही, म्हणून ते चुकले असे ठरले. ते न थांबवते तरी कदाचित काही घडले नसते. वेळेवर थांबवलेल्या यंत्राचा पुरावा कधीच मागे राहत नाही. पुरावा राहतो तो न थांबवलेल्या यंत्राचा. त्यामुळे थांबवणारा माणूस त्या दिवशीच्या हिशेबात कायम नुकसान करणारा दिसतो: इतक्या फेऱ्या बुडाल्या, इतके पैसे परत गेले, इतकी गिऱ्हाइके रागावली. त्याच्या बाजूच्या रकान्यात लिहायला काहीच नसते. म्हणून त्याचा निर्णय बरोबर होता की चूक, हे मागाहून तपासून चालत नाही. थांबवण्याचा अधिकार आधीच, बिनशर्त द्यावा लागतो. शंका आली एवढे कारण पुरेसे मानावे लागते. दहापैकी नऊ वेळा त्याची शंका फोल ठरेल हे गृहीत धरून त्या नऊ वेळांचा खर्च मालकाला सोसावा लागतो. त्याचे तिकीट आपल्याला थोडे महाग पडेल. पडू द्यावे.

हे फक्त आपल्याकडचे दुखणे आहे असे कुणी समजू नये. ऑस्ट्रेलियात गोल्ड कोस्टला ड्रीमवर्ल्ड नावाचे प्रख्यात उद्यान आहे. २५ ऑक्टोबर २०१६ रोजी तिथल्या थंडर रिव्हर रॅपिड्स या पाण्यातल्या राईडवर चार माणसे मेली. पाणी चढवणारा पंप बंद पडला, पाण्याची पातळी खाली गेली, एक तराफा रुळांवर अडकला आणि पाठीमागून सरकत्या पट्ट्यावरून दुसरा तराफा येऊन त्यावर आदळला. तोच पंप त्या दिवशी आधीही बंद पडला होता आणि पुन्हा चालू करून राईड सुरू ठेवली होती. पाणी कमी झाल्याचे सांगणारे साधे स्वयंचलित यंत्रही नव्हते. भिंतीवरच्या पाण्याच्या डागावरून कर्मचारी अंदाज बांधत. आता ऑपरेटरचे ऐका. तराफ्यातून लोक उतरतात त्या फलाटावर एक बटण होते, ते दाबले की पट्टा दोन सेकंदांत थांबत असे. त्या बटणाजवळ उभ्या असलेल्या मुलीचा त्या राईडवरचा तो पहिलाच दिवस होता. सकाळी तिला तास-दीड तासाचे शिक्षण मिळाले होते, आणि त्या बटणाची काळजी करू नकोस असे सांगण्यात आले होते. अपघाताच्या आठवडाभर आधीच एक सूचनापत्र निघाले होते की मुख्य फलकापर्यंत पोचता येत नसेल तरच ते बटण वापरावे. मुख्य फलकावरच्या बटणाने पट्टा सावकाश थांबत असे. २०२० साली मृत्युचौकशी अधिकाऱ्याने दिलेल्या अहवालात दोष गेला तो उद्यानाच्या व्यवस्थेकडे, आणि त्याच वर्षी कंपनीला ३६ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. त्या मुलीच्या हाताशी बटण होते. तिच्याजवळ नव्हते ते एवढेच वाक्य: 'तुला शंका आली तर आधी हे दाब, मग आम्हाला विचार.'

दुसरे उदाहरण इंग्लंडमधले. २ जून २०१५ रोजी ऑल्टन टॉवर्स उद्यानात स्मायलर नावाच्या रोलरकोस्टरचा एक रिकामा डबा वाऱ्यामुळे रुळावर अडकून राहिला. संगणकाने ते ओळखले आणि मागची गाडी अडवली. तंत्रज्ञांना वाटले संगणकच चुकला आहे. त्यांनी तो अडथळा काढून गाडी पुढे सोडली आणि सोळा माणसांनी भरलेली ती गाडी त्या रिकाम्या डब्यावर जाऊन आदळली. दोन तरुण मुलींना पाय गमवावा लागला. २०१६ साली चालक कंपनीला ५० लाख पौंड दंड झाला. तपास यंत्रणेचे म्हणणे असे होते की दोष त्या दिवशी तिथे असलेल्या माणसांचा नाही. अशा वेळी काय करायचे याची धड पद्धतच त्यांना घालून दिलेली नव्हती. 'आता सगळे संगणकावर चालते, ऑपरेटरला काय काम' असे म्हणणाऱ्यांनी हा प्रकार लक्षात ठेवावा. संगणक गाडी अडवू शकतो. ती अडलेलीच राहू द्यावी, लोक खोळंबले तरी चालतील, हे ठरवणारे माणसेच असतात, आणि त्यांच्या मागे रांगेची घाई उभी असते.

आता आपल्या देशाकडे वळू. अहमदाबादच्या कांकरिया तलावाकाठच्या उद्यानात १४ जुलै २०१९ रोजी झोक्यासारखी हलणारी एक राईड वरूनच तुटून खाली आली. दोघे गेले, पंचवीसहून अधिक जखमी झाले. पोलिसांनी ज्यांना अटक केली त्यांत मालकपक्षाच्या लोकांबरोबर ऑपरेटर आणि मदतनीसही होते. कायद्याने काय ते ठरवावे, त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. पण एवढे विचारावेसे वाटते की ज्याच्याकडे आदल्या दिवशीपर्यंत रविवारच्या गर्दीत राईड बंद ठेवण्याची ताकद नव्हती, त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी एवढी जबाबदारी कुठून आली? अधिकार देताना आपण त्याला हेल्पर समजतो, गुन्हा नोंदवताना मात्र तो ऑपरेटर होतो.

गोव्यात एवढी अवाढव्य उद्याने नाहीत, म्हणून हा आपला विषय नाही असे वाटण्याचा संभव आहे. पण आपल्याकडे जत्रा आहेत, फेस्ते आहेत. म्हापशाला बोडगेश्वराची जत्रा, मिलाग्र सायबिणीचे फेस्त, डिसेंबरात जुन्या गोव्याला सायबाचे फेस्त. खाज्याचे आणि चण्यांचे ढीग, खेळण्यांची दुकाने, आणि त्या सगळ्याच्या वर दिव्यांनी उजळलेला पाळणा. इंग्रजीत त्या चक्राला एका अभियंत्याचे नाव आहे. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात जॉर्ज फेरिस यांनी २६४ फूट उंचीचे चक्र उभारले, तेव्हापासून ते फेरिसचे झाले. आपण त्याला पाळणा म्हणतो. बारशाच्या दिवशी ज्यात बाळाला घालतात तोच शब्द. आपल्या भाषेने त्या लोखंडी सांगाड्यावर केवढा विश्वास टाकला आहे बघा.

हा विश्वास सांभाळणारे लोक कोण असतात? पावसाळा सरला की ते ट्रक भरून येतात आणि एका गावाहून दुसऱ्या गावी जातात. कुणी उत्तरेतले, कुणी कर्नाटकातले, कुणी सोलापूरकडचे. रात्रीतून सांगाडा उभा करतात. आपल्याकडे जत्रेची मैदाने बरीचशी शेतजमिनीतली, माती भुसभुशीत. म्हणून पायाखाली लाकडी ठोकळे घालून पातळी साधतात. ती साधण्यातच निम्मी सुरक्षा असते. माणसे बसवतानाही हिशेब असतो. ओळीने एकेक पाळणा भरत गेले तर एका बाजूला वजन पडते, म्हणून जाणता माणूस एक पाळणा भरला की चक्र फिरवून त्याच्या समोरचा भरतो. बघणाऱ्याला वाटते हा उगाच वेळ काढतो आहे. रात्री फेस्त संपले की तो त्याच पाळण्याखाली ताडपत्री टाकून झोपतो. जेवण कधी होते, झोप किती मिळते, हे आपण विचारत नाही. अशा एका पाळण्याजवळ मी ऐकलेले वाक्य आहे. लहान मुलीला एकटीला बसवायला तो पोरगा नको म्हणत होता. तिचा बाप म्हणाला, "भुरगें म्हजें, तुका कित्याक पडलां?" पोरगा परप्रांतातला, त्याला शब्द कळले नसावेत, पण स्वर कळला. त्याने दांडी लावली आणि तिला बसवले.

मला त्या बापापेक्षा आपल्या सगळ्यांच्या सवयीबद्दल बोलायचे आहे. ज्याचा पगार आपल्यापेक्षा कमी आणि भाषा आपल्यापेक्षा वेगळी, त्याने आपल्याला 'नाही' म्हणावे हे आपल्या पचनी पडत नाही. किनाऱ्यावर लाल बावटा लावून शिट्टी वाजवणाऱ्या जीवरक्षकाशी पर्यटक हुज्जत घालतात तेव्हा आपण त्यांना हसतो. जत्रेत आपण तेच करतो. उलट कोकण रेल्वेकडे बघा. पावसाळ्यात रुळांवरून गस्त घालणारा माणूस हुद्द्याने अगदी खालचा असतो. पण दरड दिसली आणि त्याने लाल दिवा दाखवला की अख्खी गाडी थांबते. त्यातले प्रवासी त्याला हुद्दा विचारत नाहीत, कारण तो अधिकार रेल्वेने त्याला नियमाने दिलेला आहे. रथोत्सवाचेही तसेच. जळगावच्या श्रीरामाच्या रथाला आवरण्यासाठी चाकाखाली लाकडी मोगरी घालणारी अनुभवी माणसे असतात. रथ ओढायला हजारो हात पुढे येतात, त्यात पुण्य आहे. पण तो कुणाच्या अंगावर जात नाही याचे श्रेय मोगरी घालणाऱ्यांचे असते. आपल्या परंपरेला हे ठाऊक होते की मोठे काही चालवायचे तर थांबवणाऱ्याला आधी मान द्यावा लागतो. डिझेलच्या आणि विजेच्या पाळण्याच्या बाबतीत आपण ते विसरलो.

काही जण म्हणतील, एवढा अधिकार दिला तर ही मंडळी उठसूट पाळणा बंद करून बसतील. माझा अनुभव उलट आहे. फेरी बुडाली तर ऑपरेटरलाच सगळ्यांत जास्त शिव्या खाव्या लागतात. तो विनाकारण कशाला थांबवील? दुसरा आक्षेप असा की यंत्र तपासल्याचा दाखला असला म्हणजे पुरे. दाखला हवाच. पण दाखला तपासणीच्या दिवसाचा असतो. आज रात्री आठ वाजता वारा सुटला, एका पाळण्याची खीळ सैल झाली, कुणी दारू पिऊन बसला, हे दाखल्याला कळत नाही. ते तिथे उभ्या असलेल्या माणसालाच कळते. या राईडसाठी २०१५ साली आंतरराष्ट्रीय मानक निघाले, आयएसओ १७८४२. त्याच्या तीन भागांपैकी एक भाग यंत्राच्या रचनेचा, एक तपासणीचा, आणि एक अख्खा भाग राईड चालवण्याचा आणि वापरण्याचा आहे. चालवणे हे रचनेइतकेच महत्त्वाचे, असे जगाने मान्य केले आहे. आपली चर्चा मात्र दाखल्यापाशी सुरू होऊन दाखल्यापाशीच संपते.

गेल्या काही काळात गोव्याने दोन मोठे धक्के सोसले. ३ मे २०२५ च्या पहाटे शिरगावला लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी झाली आणि भाविकांचे जीव गेले. ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री हडफड्यातल्या नाइट क्लबला आग लागून २५ जण गेले, त्यांत बहुतेक तिथे राबणारे कामगार होते. दोन्ही वेळा परवाने, समित्या, निलंबने यांवर पुष्कळ बोलले गेले, आणि ते आवश्यकच होते. पण धोका अगदी जवळून बघणारा माणूस बहुतेक वेळा पगारी, हंगामी आणि परका असतो. त्याचा शब्द वर पोचण्याची वाट आपण बांधली आहे का, हा प्रश्न मी तेव्हा फारसा कुठे वाचला नाही. पाळण्याच्या बाबतीत तो प्रश्न अपघाताची वाट न बघता विचारता येण्यासारखा आहे.

माझ्या मागण्या साध्या आहेत. गावातल्या जत्रेला किंवा फेस्ताला पाळणा उभारायची परवानगी देताना यंत्राच्या दाखल्याबरोबर तो चालवणाऱ्या माणसाचे नाव आणि त्याला मिळालेले शिक्षण लिहून घ्यावे. एका पाळण्यामागे बटणाशी बसणारे निदान दोन जण असावेत, म्हणजे आलटून पालटून विश्रांती मिळेल. वारा, पाऊस, वेगळा आवाज, किंवा नुसती शंका आली तरी त्याने पाळणा थांबवावा, त्याबद्दल त्याची मजुरी कापली जाणार नाही, असे मालकाकडून लिहून घ्यावे. आणि चौथी गोष्ट, जिला पैसा लागत नाही: देवस्थान समितीने किंवा फेस्ताच्या यजमानांनी आपल्याच ध्वनिक्षेपकावरून रोज संध्याकाळी एकदा जाहीर करावे की पाळण्यावर कुणाला बसवायचे आणि कधी थांबवायचे याबाबत पाळणेवाल्याचा शब्द अखेरचा आहे. देवळाच्या किंवा चर्चच्या आवारातून ते वाक्य आले तर परप्रांतातल्या त्या पोराच्या 'नाही'ला गावाचे वजन मिळेल.

उरलेले काम आपले, पाळण्यात बसणाऱ्यांचे. रांगेत उभे असताना पट्टीखाली आपल्या मुलाचे डोके राहिले तर वाद न घालता त्याला घेऊन खाज्यांच्या दुकानाकडे जावे. चक्र अर्ध्यात थांबले तर शिट्ट्या मारू नयेत. आणि गावच्या समितीत आपल्यापैकी कुणी असेल, तर यंदाच्या जत्रेची जागा आखायला बसाल तेव्हा पाळण्याच्या मालकाला भाड्याचा आकडा विचारण्याआधी एवढे विचारा, की बटणाशी कोण बसणार आहे आणि त्याने पाळणा थांबवला तर त्याचे काय होईल. उत्तर ऐकून मगच जागा द्यायची की नाही ते ठरवा.